भागूनं न पाहिलेला सिनेमा

खड्ड्यातून तो हात वर आला तेव्हा दुपारचा एक वाजला होता, लख्ख ऊन पडलं होतं आणि भागूच्या तोंडात सफरचंदाचा घास होता. भरदुपारी भुतं येत नाहीत, अशी तिची लहानपणापासूनची पक्की समजूत होती. त्या समजुतीच्या भरवशावरच ती इमारतीच्या मागच्या अंगणात एकटी येऊन बसली होती.

हात कोपरापर्यंत मातीनं माखलेला. बोटं लांबसडक, नखांत काळी माती. तो जमिनीवर इकडेतिकडे चाचपडला, एक दगड उचलून जोखून बघितला, ठेवून दिला… आणि मग खड्ड्याच्या आतून आवाज आला,

“कुणी आहे का तिथे? जरा ते खुरपं देता का?”

दुसरी कुणी असती तर तिथल्या तिथे किंचाळली असती. भागूची तऱ्हा निराळी. भीती वाटली की तिचा घसा बसायचा आणि ती भलतीच आज्ञाधारक व्हायची. तिनं घास गिळला, उठली, चार पावलांवर पडलेलं खुरपं उचललं आणि मुकाट्यानं त्या हातात ठेवलं.

“आभारी आहे,” हात म्हणाला, आणि आत गेला.

मग मात्र भागू किंचाळली.

खड्ड्यातून एक डोकं वर आलं. केसांत वाळकी पानं, कानामागे पेन्सिल, नाकावर गोल चष्मा आणि चष्म्याच्या एका काचेवर मातीचा बोटभर पट्टा. डोक्याचा मालक तिशीतला असावा. त्यानं फार ओशाळून सांगितलं की हा खताचा खड्डा आहे, गुडघाभर खणायचा होता, पण विचार करता करता जरा जास्तच खोल गेला. तळमजल्यावर मागच्या बाजूला ‘हिरवी कुंडी’ नावाच्या बागकामाच्या मासिकाचं ऑफिस होतं. ते त्याच्या आत्यानं सुरू केलं होतं, आणि तो त्याचा संपादक, लेखक, छायाचित्रकार आणि बुधवारी माळी होता. आज बुधवार होता.

भागू त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन वर्षं काम करत होती. पण मागच्या अंगणाकडे येणारी वाट अंधारी, म्हणून ती इकडे कधी फिरकली नव्हती. आज आली ती रडायला जागा हवी म्हणून.

त्याचं असं झालं होतं. तिसऱ्या मजल्यावर जाहिराती आणि सिनेमांची पोस्टरं बनत. भागूच्या वाट्याला तिथे साबण आणि पावडरीची बाळं यायची. तिनं काढलेल्या बाळाचा गालगुच्चा घ्यायचा मोह भिंतीवरच्या कागदालाही झाला असता. सिनेमाची पोस्टरं करायचे ते ऑफिसमधले सगळ्यात जुने चित्रकार काका. पण काकांचं ऐन वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ‘मातीखालून’ नावाच्या भयपटाचं काम येऊन पडलं भागूच्या गळ्यात. एक पोस्टर आणि तीन मासिकांची मुखपृष्ठं. पोस्टरची मुदत पुढच्या सोमवारची. जमलं तर यापुढे सिनेमाची कामं तिची. नाही जमलं तर जन्मभर साबण.

आणि भागू तर भित्री. तिच्या दादानं ती पाच वर्षांची असतानाच तिचं ‘भित्री भागूबाई’ करून टाकलं होतं. पुढे त्यातलं ‘भित्री’ गळालं, तरी गुण तेवढा कायम राहिला. सत्ताविसाव्या वर्षीही दिवा मालवला की ती तीन हातांवरून पलंगावर उडी मारायची, म्हणजे खालून कुणी पाय धरायला नको. ऑफिसच्या मॅडमनी तिला सिनेमा बघायला छोट्या प्रेक्षागृहात बसवलं, तेव्हा तिनं पहिल्याच करकरणाऱ्या दाराला डोळे मिटले, कानांत बोटं घातली आणि शेवटी दिवे लागल्यावर बाहेर येऊन सांगितलं की अंगावर काटा आला. ते खोटं नव्हतं. मॅडम स्वतः सिनेमे बघत नसत, पोस्टरं बघत. त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

तिला एवढंच ठाऊक होतं की सिनेमात एका माळ्याला कुणीतरी मारून बागेत पुरतं आणि मग तो वर येतो. तेवढ्यावर तिनं सात चित्रं काढली. पण हात बाळांवर बसलेला. पहिल्या चित्रातलं भूत लाजत होतं. चौथ्यातलं गुटगुटीत झालं. सातव्यात तर भुताच्या गालाला खळी पडली. निर्मात्यानं ते चित्र लांब धरलं, जवळ धरलं आणि विचारलं, हा माळी घाबरवायला आलाय की वाटीभर साखर मागायला? सगळं ऑफिस हसलं. भागूही हसली, आणि डबा घेऊन जी खाली आली ती थेट या अंगणात.

आता खड्ड्याच्या काठावर बसून चष्मा पुसणाऱ्या त्या संपादकाकडे बघताना मात्र तिचं रडू कुठल्या कुठे गेलं. ती बघत होती त्याचा हात. किती वेगळा हात… माती त्याच्यावर चिकटलेली वाटत नव्हती, आतून उगवल्यासारखी दिसत होती.

“मला तुमचा हात हवा आहे,” ती म्हणाली.

तो पुसायचा थांबला. “आजच?… म्हणजे, मी निदान आंघोळ करून आलो असतो.”

भागूचे कान तापले. ती घाईघाईनं पोस्टर, भयपट, मुदत असं काय काय सांगत सुटली. पण तोवर मासिकाच्या ऑफिसची खिडकी उघडली होती. खिडकीत वाचकांची पत्रं घेऊन बसलेल्या आत्यानं पहिलं वाक्य स्वच्छ ऐकलं होतं, आणि पुढचं ऐकायची तिला गरज वाटली नाही. तिनं चष्म्यावरून भागूला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि शांतपणे खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत चित्रकाम सुरू झालं. खड्ड्यात उभं राहून हात वर काढायचा आणि बोटं जराशी वाकवून स्थिर धरायची, एवढंच त्याचं काम. भागू वर पाटावर बसून काढायची. त्याचा चेहरा दिसत नसे, नुसता आवाज यायचा, आणि कदाचित त्यामुळेच दोघं मोकळेपणानं बोलत. तो वाचकांच्या पत्रांबद्दल सांगे. एका बाईंनी लिहिलं होतं, नवऱ्यापेक्षा कुंडीतला नेचा बरा, तो निदान पाणी दिलं की टवटवीत होतो. भागू मासिकवाल्यांच्या तऱ्हा सांगे. सिनेमाच्या साप्ताहिकाला रक्त हवं होतं, पण लाल नको, कारण मागचा अंक लाल होता. स्त्रियांच्या मासिकानं कळवलं होतं की भूत चालेल, पण प्रसन्न असावं. तरुणांच्या पाक्षिकाला तर भूत पाठमोरं हवं होतं.

“पाठमोरा माळी म्हणजे नुसता माळीच की,” खड्ड्यातून आवाज आला.

“हात हलवू नका.”

“हलवत नाहीये. मुंग्या आल्यात.”

“दोन मिनिटं थांबा. जातात झिणझिण्या.”

“झिणझिण्या नाहीत हो. मुंग्या. लाल.”

भागूनं चित्राची वही टाकली आणि आपल्या ओढणीनं त्याच्या हातावरच्या मुंग्या एकेक झटकल्या. मनगटाशी तीन ठिकाणी चावल्या होत्या. तरीही तो हलला नव्हता. तिनं तसं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला की तुम्ही अंगठ्याची रेघ काढत होता, मध्येच कशी मोडायची.  तिनं मनगट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं, आणि मग एकदम सोडलं.

शुक्रवारी त्यानं सहज विचारलं, सिनेमात हा हात करतो काय? वर येत असतो की खाली जात असतो? त्यावर बोटं कशी ठेवायची ते ठरेल. भागूनं पेन्सिल दोनदा खाली ठेवली, दोनदा उचलली. आणि मग जे तिनं घरी, ऑफिसात, कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या खड्ड्याला सांगून टाकलं, की तिनं सिनेमा पाहिलेलाच नाही.

तो हसला नाही.  मग चष्म्यासकट वर आला आणि छाती काढून म्हणाला की त्यात काय एवढं, मी बघतो. तुम्ही शेजारी डोळे मिटून बसा, मी हळूहळू सांगत जातो. भुताखेतांचं मला काही वाटत नाही.

शनिवारी दुपारी तीनला दोघं त्या छोट्या प्रेक्षागृहात बसले. इतर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. भागूनं डाव्या कानात कापूस घातला, उजवा त्याच्यासाठी मोकळा ठेवला आणि दार करकरायच्या आतच डोळे मिटले. दार करकरलं. तिनं जे हाताला लागलं ते धरलं. ती त्याची बाही होती.

तो कुजबुजत सांगू लागला. एक म्हातारा माळी आहे. ज्या दिवशी त्याला मारतात त्याच सकाळी त्यानं गुलाबाचं एक रोप कुंडीतून काढून ठेवलंय, वाफ्यात लावायला. मुळं उघडी पडलीत. आणि तेवढ्यात… असो, तो आता मातीखाली आहे. पण जीव त्या रोपात अडकलाय. म्हणून तो वर येतो. नुसता हात येतो. अंगणभर ते रोप शोधतो.

“आता कोण ओरडलं?” भागूनं विचारलं.

तो जरा थांबला. “मालकीणबाई. गोगलगाय दिसली.”

“आणि हा आवाज कसला?”

“कुंडी फुटली. मोठी होती.”

मग तो सांगत राहिला. लोक त्या हाताला घाबरून पळतात. पळताना वाफे तुडवतात. माळ्याला त्यांचं काही करायचं नाहीये, त्याला फक्त ते रोप जगवायचंय… त्याचा आवाज अगदी कानाशी होता, थोडासा थरथरत होता, आणि बाहीला ओल्या मातीचा वास येत होता. मिटल्या डोळ्यांनी भागूनं आयुष्यातला सगळ्यात सुंदर सिनेमा पाहिला. शेवटी रोप जगलं का, असं तिनं विचारलं, तेव्हा तो काही बोललाच नाही. आणि दिवे लागले.

रविवारी ती दिवसभर काढत बसली. आईनं तीनदा जेवायला हाक मारली, चौथ्यांदा ताट पुढ्यात आणून ठेवलं. आणि चित्राकडे बघून आई म्हणाली की हा माणूस भला दिसतोय. चित्रात माणूस नव्हताच. काळी, ओली जमीन, तीतून वर आलेला मळलेला हात, आणि दोन बोटांत अलगद धरलेलं गुलाबाचं एवढंसं रोप. मुळं लोंबतायत, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून अंगठा बाजूला घेतलेला. बघणाऱ्याला आधी भीती वाटायची, आणि मग भीती वाटल्याची लाज वाटायची.

सोमवारी अकरा वाजता निर्माता आणि दिग्दर्शक आले. दिग्दर्शक हा सडपातळ, गळ्यात मफलर गुंडाळलेला, मोजकंच बोलणारा माणूस. मॅडमनी चित्र टेबलावर मांडलं. कुणीच हसलं नाही. निर्मात्यानं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. भागूला वाटलं, जिंकलं.

मग दिग्दर्शक म्हणाला, “हा प्रसंग आपल्या सिनेमात नाही.”

 खोलीतल्या सगळ्या नजरा भागूवर वळल्या. असं मला सुचलं, असं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. पण धडधडीत खोटं बोलायलाही धीर लागतो, आणि तो तिच्यापाशी नव्हता. तिनं खरं काय ते सांगितलं. सिनेमा दोनदा लावला आणि दोन्ही वेळा डोळे मिटून बसले. कुणीतरी सांगितलं ते ऐकलं, आणि जे ऐकलं ते काढलं. कोणी सांगितलं, ते मात्र मॅडमनी दोनदा विचारूनही तिनं सांगितलं नाही.

निर्मात्याचा चेहरा लालबुंद झाला. मॅडमनी कपाळाला हात लावला. दिग्दर्शकानं मफलर सोडला आणि खुर्ची ओढून भागूसमोर बसला. जे ऐकलं ते सगळं सांग, म्हणाला. भागूनं सांगितलं. रोप, उघडी मुळं, गोगलगाय, तुडवलेले वाफे, सगळं.  थोड्या वेळानं निर्माता नाक पुसायला लागला आणि सर्दीचं काहीतरी पुटपुटला.

दिग्दर्शकानं चित्र स्वतःकडे ओढलं. मग त्यानं शांतपणे सांगितलं की त्याच्या सिनेमातला माळी चौदा माणसं मारतो. चाचणीच्या खेळाला आठव्या माणसापासून लोक हसायला लागले होते. त्याचा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि काय चुकलं ते कळत नव्हतं.

“त्याला वर का यायचं होतं, तेच मी कधी विचारलं नाही,” तो म्हणाला. मग निर्मात्याकडे वळून त्यानं चार दिवसांचं शूटिंग मागितलं. पहिले सहा खून राहतील, उरलेली माणसं वाचतील, आणि शेवट या पोस्टरचा. पोस्टरसाठी सिनेमा बदलणारा जगातला पहिला निर्माता मीच असेन, असं कुरकुरत निर्मात्यानं मान डोलावली. मुखपृष्ठंही हिच्याकडेच ठेवा, असं तो जाता जाता मॅडमना सांगून गेला.

भागू तीन जिने उतरून खाली गेली ती धन्यवाद द्यायला नव्हे. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. संपादक खिडकीखालच्या कुंड्या आत ओढत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तिचा चेहरा बघून विझला.

“तुम्ही सिनेमा पाहिलात?” तिनं विचारलं.

“…सुरुवात पाहिली.”

“किती?”

“दार करकरलं तिथपर्यंत.” तो हातातल्या कुंडीकडे बघत होता. “मग मीही डोळे मिटले.”

“आणि ते गुलाबाचं रोप?”

“ते आमच्याकडचं. गेल्या महिन्यात मी उघडं टाकून विसरलो होतो. मनाला फार लागलं होतं. तेच आठवलं.”

“तुमच्या त्या माळ्यानं चौदा माणसं मारली आहेत.”

“चौदा?” त्याच्या हातातली कुंडी डगमगली. तो पायरीवर टेकला. “आणि मी एकटा… त्या खोलीत… तुमच्याबरोबर दोन तास…”

भागूला हसू येत होतं, पण ती ते ओठांवर येऊ देणार नव्हती. तिची नोकरी जाता जाता राहिली होती. चारचौघांत मान खाली गेली होती. तिनं एवढंच विचारलं की खोटं का सांगितलंत? मी डोळे मिटलेत, असं सरळ सांगायचं.

पावसाचे थेंब त्याच्या चष्म्यावर जमत होते. तो ते पुसत नव्हता. “तुम्ही माझी बाही धरली होती,” तो म्हणाला. “मीही घाबरलोय हे कळलं असतं तर… तुम्ही सोडली असती.”

भागू उभीच राहिली. काहीतरी सणसणीत बोलायला ती तीन जिने उतरून आली होती. त्यातलं एक अक्षर आठवेना. ती वळली आणि पावसातून तशीच वर निघून गेली.

पुढचे आठ-दहा दिवस दोघांनी एकमेकांना टाळण्यात घालवले, आणि टाळता यावं म्हणून एकमेकांवर सतत नजर ठेवली. ती जिन्यात दिसली की तो पत्रांच्या पेटीत डोकं घालायचा. तो अंगणात असला की ती खिडकीतून बघायची, त्यानं वर पाहिलं की खाली बसायची. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना ती खिडकीखाली काय शोधते ते कळेना. कामात मात्र तिचा हात असा काही चालला की स्त्रियांच्या मासिकाला प्रसन्न भूत मिळालं आणि साप्ताहिकाला निळं रक्त. शहरात पोस्टरं लागली. दादानं बसथांब्यावर ते पाहिलं आणि तिला फोन करून कबूल केलं की दचकून दोन पावलं मागे सरलो. बावीस वर्षांत दादानं तिच्यापाशी कबूल केलेली ही पहिलीच गोष्ट होती.

अकराव्या दिवशी आत्या तीन जिने चढून वर आली. खुर्चीवर बसली, दम खाल्ला, पाणी मागून घेतलं आणि म्हणाली की तो हात मला ‘हिरव्या कुंडी’च्या मुखपृष्ठावर हवा आहे. भागूला आधी थट्टाच वाटली. बागकामाच्या मासिकावर भूत?

“बारा वर्षं मुखपृष्ठावर भोपळी मिरची छापतेय,” आत्या म्हणाली. “वाचकांना पाठ झालीय ती. आणि तुझ्या भुताला रोप धरता येतं. आमच्या निम्म्या वाचकांना येत नाही.”

मग ती उठली. दाराशी जाऊन थांबली. भाच्याबद्दल चार शब्द बोलायला आलेली माणसं जशी थांबतात, तशीच. तिनं सांगितलं की हा लहानपणी पत्त्यांतही खोटं बोलू शकत नसे, पान लपवलं की कान लाल व्हायचे. आजवर त्याला कधी जमलं नाही ते तुझ्याशेजारी बसून दोन तास जमलं. याचा अर्थ काय तो तुझा तू काढ. मला संपादकीय लिहायचंय.

मुखपृष्ठासाठी खरं रोप बघायला हवं, असं स्वतःला सांगत भागू त्या दुपारी खाली गेली. तो अंगणातच होता. ‘तुम्ही उघडं टाकलेलं ते गुलाबाचं रोप जगलं?’ असं तिनं विचारलं. त्यानं बोट दाखवलं. एक काडी, तिला दोन पानं, आणि तिसरं येऊ की नको अशा विचारात. दोघं त्या काडीपाशी उकिडवे बसून राहिले.  तिनं बसताना तोल जाऊ नये म्हणून त्याची बाही धरली, आणि तोल सावरल्यावरही सोडली नाही.

‘हिरव्या कुंडी’चा तो अंक चार दिवसांत संपला. पुन्हा छापावा लागला. वाचकांची एकशे सत्तर पत्रं आली. चित्र भीतीदायक आहे, असं त्यांतल्या एकाही पत्रात नव्हतं. बहुतेकांनी विचारलं होतं की रोप कुठल्या जातीचं, आणि दोघांनी कळवलं होतं की मुळांना माती कमी ठेवलीय.

सिनेमा लागला शुक्रवारी दुपारी बाराला. पहिल्या खेळाला निर्मात्यानं सगळ्यांना बोलावलं होतं. थिएटरच्या दर्शनी भिंतीवर वीस फुटी हात उभा होता आणि खालून जाणारी माणसं मान वर करून थबकत होती. आत्या नवी साडी नेसून सगळ्यात आधी आत जाऊन बसली. मॅडम गेल्या, डोळ्यांवर काळा चष्मा लावून काका गेले, दादाही आईला घेऊन गेला. घंटा झाली. भागू आणि संपादक तिकिटं हातात धरून पायऱ्यांवरच उभे होते. तुम्ही आधी, नाही तुम्ही आधी, असं दोनदा झालं. मग आतून दार करकरल्याचा मोठा आवाज आला, आणि दोघंही खालच्या पायरीवर आले.

“मला एक सांगायचंय,” भागू म्हणाली. तिचा घसा बसायला लागला होता, म्हणून ती पुढचं भराभर बोलली. “मला तुम्ही आवडता. सकाळपासून घोकतेय. बसमध्येही घोकत होते, शेजारच्या बाईंनी वळून बघितलं.”

त्याचे कान लाल झाले. त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढून तिच्या हातात दिला. “मी आधी बोलणार होतो,” तो म्हणाला. “लिहून आणलं होतं.”

कागदावर एकच ओळ होती, पण संपादकाच्या हातून गेलेली. ‘मला तुम्ही आवडता’ लिहून खोडलं होतं, ‘तुम्ही मला आवडता’ केलं होतं, मग बाण काढून शब्द पुन्हा पहिल्या जागी नेले होते. मध्ये ‘फार’ घातलं होतं, त्यावर काट मारली होती, आणि काटेखाली ठिपके देऊन ते पुन्हा जिवंत केलं होतं.

“‘फार’ का खोडलंत?” भागूनं विचारलं.

“जास्त वाटलं.”

“मग परत का घातलंत?”

“कमी पडत होतं.”

भागूनं कागदाची घडी घातली आणि आपल्या पर्समध्ये, अगदी आतल्या कप्प्यात ठेवली. आतमध्ये कुणीतरी किंचाळलं, पाठोपाठ सगळं थिएटर किंचाळलं. हा बहुतेक पहिला माणूस असावा. अजून पाच बाकी होते आणि त्यानंतर रोप. दोन तास तरी कुणी बाहेर येणार नव्हतं.

रस्त्यापलीकडे झाडांची एक सरळ रांग होती, आणि रांगेखाली सावली. त्यानं तिकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि मातीचे डाग कधीच न जाणारा आपला हात पुढे केला.

“चल,” तो म्हणाला.

इतके दिवस तो ‘चला’ म्हणायचा. त्यातला काना कुठे गळून पडला ते एवढ्या काटेकोर संपादकाच्याही लक्षात आलं नसावं. भागूच्या आलं. तिनं दुरुस्ती सुचवली नाही.